वारीत कनवटीला फोन?

आषाढी जवळ आली की या सदराच्या टपालात पायाच्या फोडांचे, पावसाचे आणि बीपीच्या गोळ्यांचे प्रश्न वाढतात. यंदा मात्र फोनची पत्रं त्यांच्यावर चढ झाली आहेत. मी नोकरीभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते आणि निवृत्त झाल्यापासून माउलींच्या पालखीबरोबर रथामागच्या एका दिंडीत चालते. संपादकांनी त्यामुळे सगळी चळत माझ्याकडे सरकवली. त्यातली काही पत्रं इथे घेते.

मी ५६ वर्षांची गृहिणी, सातारा जिल्ह्यातली. यंदा पहिल्यांदाच गावच्या दिंडीतून आळंदी ते पंढरपूर चालणार आहे. मुलगा पुण्यात नोकरीला असतो. तो म्हणतो, स्मार्टफोन ने आणि लोकेशन सतत चालू ठेव, नाहीतर जाऊच नकोस. आमच्या दिंडीतले विणेकरी बुवा म्हणतात, वारीत फोनचं काय काम, घरी ठेवून या. दोघांचंही मन मोडवत नाही. काय करू?
– एक वाचक, सातारा

ताई, फोन न्या. लोकेशन चालू ठेवू नका. का, ते तुमच्या मुलालाच सांगते. हे पान त्याच्या हातात द्या.

बाळा, तुला हवा आहे तो नकाशावरचा ठिपका. आईचा फोन थोड्या थोड्या वेळाने इंटरनेटवरून आपला ठावठिकाणा कळवतो म्हणून तो हलतो. आता पुणे ते सासवड हा टप्पा बघ. एकादशीचा दिवस, ३० किलोमीटरच्या वर चाल, मध्ये दिवे घाट आणि त्या एका रस्त्यावर लाखांनी माणसं. जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात फोन, आणि घाट दिसला की त्यातले निम्मे व्हिडिओ पाठवायला लागतात. फोनवर चारही दांड्या भरलेल्या दिसतात आणि तरी काही जात नाही, येत नाही. लोक म्हणतात, रेंज तर फुल आहे! दांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत जोरात पोचतोय. टॉवरकडे तुमच्यासाठी जागा शिल्लक आहे का, हे त्यांना विचारून उपयोग नाही. एसटी फलाटावर उभी असली म्हणजे आत बसायला मिळतंच असं नाही.

मग होतं काय, तर ठिपका वडकी नाल्यापाशी थिजतो. आई घाट चढून, झेंडेवाडीला पाणी पिऊन, सासवडच्या तळावर पाय चोळत बसलेली असते आणि तू ऑफिसात त्या ठिपक्याकडे बघत असतोस. तीन तास एकाच जागी? पडली की काय? फोन लावतोस, लागत नाही. मामाला फोन, मामाचा दिंडीतल्या कुणाला फोन, तोही लागत नाही. संध्याकाळपर्यंत घरातल्या पाच जणांच्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि आईला त्यातलं काहीच माहीत नाही. ठिपका नसता तर तू निवांत काम केलं असतंस.

तुला खरं हवंय ते वेगळं आहे. आईला काही झालं तर तिच्यापर्यंत पोचता यायला हवं, इतकंच ना? त्याची सोय वारीत फोनच्या फार आधीपासून आहे. आजच्या सोहळ्याची घडी बसवणारे हैबतबाबा आरफळकर ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते आणि लष्करातली शिस्त त्यांनी या सोहळ्यात आणली. नोंदलेल्या दिंडीला नंबर असतो आणि ती रथापुढे की रथामागे, हे ठरलेलं असतं. मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले, छापील वेळापत्रक मिळतं. ‘रथामागे अमुक नंबरची दिंडी’ एवढं सांगितलं की तळावरचा कोणीही वारकरी तुला राहुटीपर्यंत आणून सोडेल. आईची दिंडी नोंदलेली नसेल तर दिंडीचं नाव, ट्रकचा नंबर, दिंडीप्रमुखांचा आणि ट्रकच्या ड्रायव्हरचा मोबाइल लिहून घे. ड्रायव्हरचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो दिंडीच्या पुढे मुक्कामाला पोचलेला असतो, तिथे गर्दी कमी असते आणि त्याचा फोन लागतो. ते वेळापत्रक फ्रिजवर चिकटव. आज लोणंद, उद्या तरडगाव, मग फलटण, असं बघत जा. रजा मिळाली तर एका मुक्कामाला येऊन आईच्या पंगतीला बस.

आता ताई, तुमच्याकडे वळते. फोन शक्यतो साधा, बटणांचा न्या. एकदा भरला की दोन-तीन दिवस चालतो, हरवला तर जीव हळहळत नाही आणि ओल्या बोटांनीही ऐकतो. स्मार्टफोनची काच पावसात बोटांना नीट दाद देत नाही. सिम त्यात घालून घरीच आठवडाभर वापरून बघा. निघायच्या दिवशी कोरा फोन हातात घेऊ नका. गुडघ्याच्या डॉक्टरांना फोटो पाठवायचे आहेत किंवा साखर मोजायच्या यंत्राचं अ‍ॅप आहे, असं खरंच काही कारण असेल तर स्मार्टफोन न्या. पण मग दिवसभर तो बंद किंवा एअरप्लेन मोडवर राहू द्या. सिग्नल क्षीण असला की फोन टॉवरपर्यंत पोचण्यासाठी जास्त जोर लावतो आणि तुम्ही एक कॉलही न करता दुपारपर्यंत बॅटरी संपवतो.

घरी निरोप कधी द्यायचा? बहुतेक जणी संध्याकाळी तळावर पोचल्या की लावतात, आणि नेमकी तीच वेळ सगळ्यात वाईट. अख्खा तळ एकदम घरी फोन लावत असतो. पहाटे करा. उठायची खूण म्हणून वाजवतात तो पहिला कर्णा झाला की बायका अंथरूण गुंडाळायला लागतात, तिसऱ्या कर्ण्याला पालखी हलते. त्या मधल्या वेळात टॉवर मोकळा असतो. मुलगा झोपेत असेल, म्हणून कॉल नाही, साधा एसएमएस: ‘नातेपुते. बरी आहे.’ गावाचं नाव आणि दोन शब्द. एसएमएसला जागा फारच थोडी लागते, त्यामुळे कॉल लागत नाही तिथूनही तो बऱ्याचदा निसटतो. आणि निघण्याआधी मुलाशी एक करार करा. एक दिवस एसएमएस आला नाही तर त्याने काहीही करायचं नाही. दोन दिवस आला नाही तर आधी ट्रकवाल्या भाऊंना फोन करायचा. मामाला नाही.

बुवांचं काय, तर बुवांचं म्हणणं मला पटतं. चाल धरलेली असते, टाळ एका लयीत पडत असतात आणि मधल्याच रांगेत कुणाच्या तरी पिशवीतून लग्नाच्या बँडची रिंगटोन वाजते. पुढचे दोन टाळकरी मागे वळून बघतात, चाल तुटते, अभंग पुन्हा धरावा लागतो. तुम्ही बुवांना शब्द द्या की चालताना आणि हरिपाठाला फोन बंद असेल. तेवढ्यावर ते राजी होतील. स्वयंपाकाचा ट्रक पुढे कुठे लागलाय हे आपले दिंडीप्रमुख कशावरून विचारतात, हे मात्र बुवांना विचारू नका.

चार्जिंगचं सांगते, कारण त्यावरून राहुट्यांमध्ये भांडणं होतात. आमच्या दिंडीत जनरेटर स्वयंपाकाच्या राहुटीशेजारी असतो. बांबूला एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड बांधलेला, त्यात आणखी एक बोर्ड खोचलेला आणि त्यावर एका वेळी पंधरा-सोळा फोन लोंबतात, सगळे काळे, सगळे चार्जर पांढरे. रात्री दिवा मालवल्यावर भाकरीच्या पिठाचे हात लागलेला फोन कुणाचा हे कळत नाही. म्हणून फोनच्या पाठीवर आणि चार्जरवरही औषधाच्या दुकानात मिळते ती पांढरी चिकटपट्टी लावून नाव आणि गाव लिहा. मी एकदा पाच सुमन एका बोर्डावर बघितल्या आहेत, तेव्हा आडनावही. बोर्डाला ओल्या हाताने हात लावू नका आणि पावसात बोर्ड जमिनीवर पडलेला दिसला तर स्वतः उचलू नका, जनरेटरवाल्याला हाक मारा. १०,००० एमएएचची पॉवर बँक स्मार्टफोन जेमतेम दोनदा भरते आणि वजनाने फोनपेक्षा जड असते. खांद्याच्या पिशवीत ती दिवसभर वाहायची की ट्रकात टाकायची, हे दिवे घाट चढल्यावर तुमचं तुम्हालाच कळेल.

बॅटरी, म्हणजे हातात धरायची विजेरी, वेगळी न्याच. पहाटे अंधारात शेताकडे जाताना फोनच्या उजेडावर विसंबलेल्या बाईचा फोन हमखास कुठेतरी पडतो. कुठे पडतो ते छापत नाही.

मी २७ वर्षांचा, आयटीत आहे. वारीचे काही टप्पे चालायचे आहेत, पण पूर्ण रजा मिळत नाही. चालता चालता मीटिंगला हजर राहता येईल का? शिवाय रोज एक व्हिडिओ टाकायचा विचार आहे. चांगला फोन, माइक, गिम्बल न्यावं का?
– एक वाचक, हिंजवडी

मीटिंगचं उत्तर वर आलंच आहे: दांड्या चार, जागा शून्य. दोन दिवसांचीच रजा असेल तर दोनच दिवस चाला, पण पूर्ण रजा घेऊन चाला. पुणे ते सासवड चालून एसटीने परतणारे पुष्कळ आहेत, त्यांना कोणी नावं ठेवत नाही.

व्हिडिओचं जरा सविस्तर बोलते. रिंगणाचा काढा, दिवे घाटातून वळत जाणाऱ्या पताकांचा काढा, कोण नाही म्हणतंय? पण वारीत बायका टँकरखाली अंघोळ करतात, नीरेच्या काठी करतात, विहिरीवर करतात. आडोसा म्हणजे दोघींनी धरलेलं लुगडं. नंतर तेच ओलं लुगडं दोन टोकांना धरून वाळवत चालतात. हे ‘वारीतलं खरंखुरं जीवन’ म्हणून चित्रित करणारे महाभाग दरवर्षी भेटतात. माझ्या शेजारी चालणाऱ्या एका आजींचा असा व्हिडिओ त्यांच्या गावात फिरला. त्यांच्या नातवाने तो त्यांना दाखवला. पुढच्या मुक्कामापासून त्या अंधारातच, सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ करायला लागल्या, थंडी वाजली तरी. खासगी क्षणी बाईचं असं चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पण मला तुम्हाला कलम दाखवायचं नाही, त्या आजी दाखवायच्या आहेत. झोपलेल्या, पाय दाबून घेत असलेल्या, जेवत असलेल्या माणसाचा व्हिडिओ काढायचा तर आधी ‘माउली, काढू का?’ विचारा. नाही म्हणाले तर फोन खाली.

गिम्बल, म्हणजे फोन स्थिर धरणारा तो दांडा, घरी ठेवा. रिंगणात अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची धूळ कपाळाला लावायला माणसं एकदम आत झेपावतात. त्या लोटात तुमचा लांब दांडा कुणाच्या तरी डोळ्यात जाईल.

माझे वडील ७४ वर्षांचे. ऐकू कमी येतं. वर्षानुवर्षं एकाच दिंडीत जातात. आम्ही फोन घेऊन दिला की ते तो वाण्याकडे ठेवून निघून जातात. या वेळी फोन नेणार नसाल तर जाऊ देणार नाही, असं मी सांगितलं. दहा दिवस ते माझ्याशी बोललेले नाहीत.
– एक लेक, बार्शी

त्यांना जाऊ द्या आणि आज रात्री तुम्हीच आधी बोला. ज्यांना ऐकू कमी येतं, त्यांच्या कनवटीला फोन बांधून तुम्ही काय ऐकणार? टाळ-मृदंगात तो वाजलेला त्यांना कळणार नाही आणि तुम्ही इथे पन्नास वेळा लावून जीव काढाल.

इतकी वर्षं एकाच दिंडीत चालणाऱ्या माणसाला पाच-पंचवीस जण नावाने, खोडीने, आजाराने ओळखत असतात. त्यांच्यातला त्यांच्यापेक्षा तरुण, फोन जवळ ठेवणारा एक जण हेरा. त्याला स्वतः भेटा, गोळ्या कोणत्या आणि कधी हे सांगा आणि त्याच्याशी मिस्ड कॉलची खूण ठरवा: एक रिंग म्हणजे बाबा बरे आहेत. त्याचा एकही पैसा जात नाही आणि तुमची रात्र नीट जाते. वडिलांना यातलं सांगायची गरज नाही. त्यांना एकच मान्य करायला लावा, सदऱ्याच्या आतल्या खिशात प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड. त्यावर नाव, गाव, दिंडीचा नंबर, रथापुढे की मागे, दोन फोन नंबर, रक्तगट, चालू औषधं आणि ‘कमी ऐकू येतं’ हे मोठ्या अक्षरात. शेवटचं कार्डावर नसलं की गर्दीत भांबावलेल्या म्हाताऱ्याला पोलीस प्रश्न विचारत राहतात, म्हातारा गप्प राहतो आणि सगळ्यांना वाटतं भ्रमिष्ट आहे.

चुकामूक झालीच तर वारीची आपली एक पद्धत आहे. संध्याकाळी तळावर समाज आरतीला दिंड्या पालखीभोवती जमतात, टाळांचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतात आणि तेवढा मोठा जमाव गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, म्हणजे तिच्याकडे लक्ष जावं. मग हरवल्या-सापडल्याची यादी पुकारली जाते, चुकलेली माणसं, पिशव्या, चष्मे आणि हल्ली फोन. ज्याला हे ऐकू येणार नाही त्याच्या वतीने ऐकणारा तो तरुण शेजारी असला की झालं.

तब्येतीचं म्हणाल तर १०८ ची रुग्णवाहिका आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे दोन नंबर त्या शेजाऱ्याच्याही फोनवरून लागतात.

गेल्या वर्षी पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी फोन चोरीला गेला. खात्यातून पैसेही गेले. यंदा काय काळजी घ्यावी? नुसती रोकड नेणं तरी सुरक्षित आहे का?
– एक वाचक, नाशिक

वाळवंटात अंघोळीला उतरताना कपड्यांच्या गाठोड्यात फोन ठेवणं म्हणजे तो देऊनच टाकणं. पाळीपाळीने उतरा.

निघण्यापूर्वी घरी बसून: स्टार हॅश झिरो सिक्स हॅश दाबा, फोनचा १५ अंकी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसेल. तो कागदावर लिहून फोनच्या बिलाबरोबर घरी ठेवा. सिमला पिन लावा, कारण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी त्याच्याकडे येतात. तुमचे पैसे बहुधा असेच गेले असावेत. यूपीआय जोडलेल्या खात्यात प्रवासापुरतीच रक्कम ठेवा, पेन्शनचं खातं त्या फोनला जोडलेलं नको. रोकड दोन ठिकाणी विभागून, आणि सुटे जास्त. गर्दीच्या गावात नेटवर्क बसलं की टपरीवरचा क्यूआर कोड म्हणजे नुसतं चित्र. दोनशेची नोट दिली तर चहावाला तुमच्याकडेच सुटे मागणार.

फोन गेलाच तर क्रम उलटा करू नका. लोक आधी फोन शोधत तास घालवतात. आधी दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि सिम कंपनीला सांगून दोन्ही बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा; तिथे उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत फिरत जातात. मग पोलिसात तक्रार. तक्रारीची प्रत हाती आली आणि त्याच नंबरचं नवं सिम मिळालं की सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आयएमईआय देऊन फोन ब्लॉक करता येतो. त्यानंतर तो फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही, मग सिम कुठलंही घाला.

विठ्ठलाच्या मंदिरात फोन नेऊ देतात का?
– एक वाचक, लातूर

नाही. आत मोबाइलला बंदी आहे. रांगेत शिरण्याआधीच त्याची सोय लावा, कारण आषाढीला दर्शनाची रांग पत्राशेड ओलांडून गोपाळपूरच्या दिशेने जाते आणि एकदा आत शिरलात की बाहेर येऊन पुन्हा त्याच जागी उभं राहता येत नाही. तुमची दिंडी ज्या मठात किंवा धर्मशाळेत उतरली असेल तिथेच ठेवून जाणं बरं. आमच्यात दरवर्षी कळसाचंच दर्शन घेणाऱ्या दोघी-तिघी असतात, त्या सगळ्यांचे फोन एका पिशवीत घेऊन मठात बसतात. पिशवीत टाकण्याआधी फोन बंद करा. नाहीतर प्रत्येकाच्या घरून येणाऱ्या ‘झालं का दर्शन?’ला त्यांनाच उत्तर द्यावं लागतं.